डिपॉझिट भरण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईतलं लीलावती किंवा जसलोक, पुण्यातलं रुबी हॉल. ही नावं ऐकली की विम्याची पॉलिसी नसलेला माणूस फाटकातूनच मागे फिरतो. ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणतो आणि दागिने गहाण टाकून एखाद्या लहान खासगी नर्सिंग होममध्ये दाखल होतो. आज मला बोलायचंय ते याबद्दल. कारण ही मोठी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत. ती सार्वजनिक न्यासांची, म्हणजे ट्रस्टची आहेत आणि त्यांच्यावर कायद्याने एक जबाबदारी टाकलेली आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्यात कलम 41 कक अशी एक तरतूद आहे. तिच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली एक योजनाच ठरवून दिली. धर्मादाय रुग्णालयाने एकूण खाटांपैकी 10 टक्के निर्धन रुग्णांसाठी राखायच्या आणि त्यांच्यावर मोफत उपचार करायचे. आणखी 10 टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी, सवलतीच्या दरात. निर्धन कोण आणि दुर्बल कोण, हे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरतं. ही मर्यादा अधूनमधून वाढते, म्हणून जुन्या आकड्यावर विसंबून ‘आपण बसत नाही’ असं घरबसल्या ठरवू नका.

यात उपकार कसला? पूर्ण बिल भरणाऱ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम रुग्णालयाला निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते, आणि गरीब रुग्णाचा खर्च त्यातून होतो. शिवाय धर्मादाय म्हणून करात सवलत मिळते ती वेगळीच. तेव्हा काउंटरवर उभं राहताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. काउंटरवरचा माणूस आपणहून या खाटांचं नाव काढेल, अशी आशा धरू नका. तो डिपॉझिटचा आकडा सांगेल. तिथे तुम्ही विचारायचं, ‘इथले वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात?’ त्यांना भेटून ‘निर्धन रुग्ण योजनेतून दाखल करून घ्या’ असं स्पष्ट म्हणायचं. सोबत रेशन कार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. या योजनेतल्या रुग्णाकडून दाखल करताना डिपॉझिट मागता येत नाही. जीव धोक्यात असेल तर कागदांसाठीही थांबवून ठेवता येत नाही, आधी उपचार सुरू करावे लागतात.

हे सगळं पहिल्याच दिवशी. बिल साडेतीन लाखांवर गेल्यावर योजना आठवली, की मग ‘आधी सांगायचं होतं’ हे उत्तर ठरलेलं.

‘खाटा भरल्यात’ असंही ऐकायला मिळेल. कधी ते खरं असतं, कधी नसतं. रिकाम्या खाटांची माहिती, न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते. घरातल्या कॉलेजच्या पोराला बघायला सांगा. नकार तोंडी घेऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि तीच प्रत धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रारीला जोडा. माझा अनुभव असा की पोच मागितली, की बऱ्याचदा खाटही सापडते!

पण प्रत्येक दुखण्याला एवढी खटपट कशाला? राज्याच्या आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयं 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता पांढऱ्या रेशन कार्डालाही लागू आहे. रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि तुमचा आजार यादीत बसतो का, हे तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, सांगेल. बीपी, साखरेच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्या, मात्र डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा. नाहीतर केंद्रात त्या चिठ्ठीवरून औषध शोधायचं कसं?

आणि उत्पन्नाचा दाखला. तो मिळायला काही दिवस जातात, आणि पेशंट ॲडमिट असताना तहसीलच्या चकरा मारायला माणूस कुठून आणायचा? सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज करून तो आत्ताच काढून ठेवा. मुदत संपत आली की नवा काढा. झेरॉक्स रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री शोधाशोध नको.