मिठीकाठची सोपी रानफेरी

[दृश्य: सायन-वांद्रे लिंक रोड. बस, टेम्पो, दुचाक्या. कॅमेरा वळून फाटकातून आत.]

धारावी डेपोच्या समोर, रस्त्याच्या ऐन वर्दळीत हे फाटक आहे. पाटीवर नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सायन-माहीमची माणसं मात्र नेचर पार्कच म्हणतात. तिकीट काढायचं, आत शिरायचं आणि वाट नेईल तसं चालायचं. मोठा चढ नाही, दगडधोंड्यांतून उड्या मारणं नाही. रमतगमत गेलात तरी तास-दीड तासात फेरी पुरी होते आणि वाट पुन्हा याच फाटकाशी आणून सोडते.

मुंबईत जंगल म्हटलं की बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरच्या त्या रानाची सर कशालाच येणार नाही. पण ज्यांचे गुडघे कुरकुरतात, ज्यांच्या कडेवर मूल आहे, ज्यांना रविवारची एवढी एक सकाळ मोकळी मिळते, त्यांनाही रान हवंच की! ते इथं ३७ एकरांत आहे.

[दृश्य: वाटेवरची माती, पालापाचोळा, मुळं. अगदी जवळून.]

जरा थांबा. पायाखाली बघा. ही माती बाहेरून आणून घातलेली आहे. तिच्याखाली मुंबईचा कचरा आहे. वर्षानुवर्षं शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं इथं.

कचराभूमीवर झाड लावणं म्हणजे खड्डा खणून रोप खोचणं नव्हे. दडपलेला कचरा हवेशिवाय कुजतो, त्यातून मिथेन निघतो. मुळांना हवा मिळत नाही. कचरा कुजत जातो तशी जमीन खचत राहते, काल सरळ असलेलं रोप कलतं. अशा जागेवर आधी माती अंथरायची, पालापाचोळा कुजू द्यायचा, चिवट झाडं पुढे करायची आणि त्यांच्या सावलीत बाकीची वाढवायची. ५ जून १९८३ रोजी, पर्यावरण दिनी, इथं पहिलं झाड लावलं ते पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी. वयाच्या ८६व्या वर्षी! त्या झाडाची सावली आपल्याला मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक असणारच. उद्यान लोकांसाठी खुलं व्हायला १९९४ साल उजाडलं. मधली अकरा वर्षं कुणीतरी रोज पाणी घातलंय, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावलंय. या वाटेवर चालताना मला सगळ्यात जास्त त्या हातांची आठवण येते.

[दृश्य: तळं. काठावरची झाडं पाण्यात.]

पण घालायला पाणी कुठलं? शेजारी खाडी आहे, पण तिचं खारं पाणी रोपांना चालत नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने रोपांनी काढायचे कसे? म्हणून हे तळं. इथं पावसाचं पाणी साठवतात. काठावर बसा, खंड्या दिसेल, चतुर दिसतील. घाईने पुढे जाऊ नका.

[दृश्य: फांदीवर पानांचा गोळा. आजी आणि नातू वर पाहताहेत.]

"आजी, ही पानं कुणी चिकटवली गं?"
"ओंबील रे ते. हात नको लावू, कडाडून चावतात."

विणकर मुंग्यांचं घर आहे हे. कामकरी मुंग्या रांगेने उभ्या राहून दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून आणतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा सुटतो आणि पान पानाला शिवलं जातं. आजीचं म्हणणं मात्र ऐका, हात लावू नका.

[दृश्य: कुंपणापलीकडे मिठी, तिवरं. पैलतीरावर बीकेसीच्या काचेच्या इमारती.]

आता वास येतो. येणारच. ही मिठी नदी आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन ती निघते, आरे, मरोळवरून येते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, कुर्ल्याला वळसा घालते आणि इथं माहीमच्या खाडीला भिडते. वरच्या टोकाला जंगल, खालच्या टोकाला हे लावलेलं रान. मधल्या वाटेत आपण तिच्यात काय काय सोडलं, ते नाकाला कळतंय. अनेकजण इथून नाक दाबून पुढे सटकतात. मी म्हणेन, थांबा.

कारण तिवरं इथंच आहेत. चिखलातून वर आलेली, पेन्सिलीएवढी ही टोकं पाहा. ही श्वासमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर मुळंच वर काढून श्वास घेतं. खाऱ्या पाण्यातलं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी घराघरांत शिरली. तेव्हापासून पुराचं पाणी थोपवणारी नदीकाठची तिवरं हा मुंबईच्या काळजीचा विषय झाला. व्हायलाच हवा होता.

[दृश्य: परतीची वाट. रोपवाटिका. फाटक.]

परतीच्या वाटेवर रोपवाटिका लागते. तिथल्या माळ्यांशी बोला. आपल्या सोसायटीच्या आवारात कुठलं देशी झाड जगेल, हे त्यांच्याइतकं नीट कोण सांगणार?

यायचं असेल तर पावसाळा ओसरता ओसरता या. तळं भरलेलं असतं, फुलपाखरं भरपूर असतात. सकाळी लवकर निघा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कारण डासही भरपूर असतात. आणि निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून घ्या. ओहोटी असेल तरच श्वासमुळं दिसतील.