दसऱ्याला तोडलेला झेंडू

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'ओढ-ढकल पद्धत आणि ज्वारीतला टारफुला' असा छापलाय. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण. त्यावर मी बोलणारच आहे, त्यासाठीच आलेय. पण आत येताना मागच्या रांगेतल्या दादांनी विचारलं, "मॅडम, टोमॅटोत झेंडू लावतात त्याचा खरंच उपयोग होतो, का नुसता दिसायला?" हा प्रश्न कानावर आला की मला पुढचं सुचत नाही. त्याचं उत्तर आधी देते, मग टारफुला.

उपयोग होतो. शंभर टक्के नाही, पण चांगला होतो. अट एवढीच की झेंडूला तिथे काय काम दिलंय हे लावणाऱ्याला माहीत पाहिजे.

आधी अळीची ओळख. हरभऱ्यावर आली की आपण तिला घाटेअळी म्हणतो, तुरीवर शेंगा पोखरणारी, टोमॅटोवर फळ पोखरणारी, कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. बाई एकच, हेलिकोवर्पा आर्मीजेरा. जाईल तिथलं नाव लावते. तिची मादी पतंग अंधार पडला की उडते आणि अंडी एकेक, सुटी सुटी घालते. अंडं खसखशीच्या दाण्याहून लहान, पिवळसर पांढरं, जवळून बघितलं तर त्यावर उभ्या रेघा दिसतात. अळी निघाली की थोडे दिवस पाला कुरतडते आणि मग फळात तोंड खुपसते. तोंड आत, निम्मं अंग बाहेर. एक फळ पूर्ण खाईल तर शप्पथ. अर्धं टाकून दुसऱ्याला भोक पाडते. म्हणून अळ्या मोजल्या तर थोड्या दिसतात आणि फेकायचे टोमॅटो क्रेटभर निघतात.

या मादीला टोमॅटोपेक्षा झेंडूची कळी जास्त आवडते. एवढ्यावरच सगळं उभं आहे, झेंडू हा तिच्यासाठी लावलेला सापळा. बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेनं यावर काम केलं आणि शिफारस आली: टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूची 1 ओळ. (नाव आफ्रिकन, फूल मूळचं मेक्सिकोचं.) त्यात एक ओळ आपण वाचतच नाही. लावताना टोमॅटोचं रोप 25 दिवसांचं हवं आणि झेंडूचं 40 ते 45 दिवसांचं. का? टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूला कळी तयार पाहिजे.

आमचं रान जुन्नर तालुक्यात. पहिल्या वर्षी मी कृषीची पदवी घेतलेली बाई, दीड एकर टोमॅटोत झेंडू लावला आणि दोन्ही रोपं एकाच वयाची आणली. रोपवाटिकेत एकाच दिवशी मिळाली, एकाच टेम्पोत आली, बरं वाटलं. टोमॅटोला पिवळी फुलं लागली तेव्हा झेंडू नुसता हिरवागार पाला. पतंगानं काय करावं? समोर जे फुललेलं होतं तिथे अंडी घातली. त्या वर्षी सापळा नव्हताच माझ्याकडे, झेंडूची हिरवी रांग होती फक्त.

दुसऱ्या वर्षी झेंडूचं बी आधी टाकलं, रोपं वयाप्रमाणे लावली. आणि काय सांगू, बघण्यासारखं होतं. सकाळी उन्हं वर यायच्या आत मी भिंग घेऊन ओळीत बसायचे. झेंडूच्या कळ्यांवर अंडी, शेजारच्या टोमॅटोवर शोधून एखादं. सासूबाई म्हणाल्या, "बसून मोजतेस काय, तोड ती फुलं." किडकी फुलं तोडून बादलीतल्या साबणाच्या पाण्यात टाकायची, संध्याकाळी झेंडूच्या ओळीवर एचएएनपीव्ही फवारायचं. हे अळीला रोग लावणारं विषाणूचं औषध. उन्हानं त्याचा जोर जातो, म्हणून फवारणी संध्याकाळीच. आणि ती फक्त झेंडूवर. सोळा ओळी सोडून एका ओळीचा खर्च.

मग दसरा आला.

हात वर करा बरं, दसऱ्याला सापळ्याचा झेंडू विकलाय असे किती जण आहेत इथे? ...बघा. मी पण. व्यापारी बांधावर आला, भाव चांगला बोलला, फुलं टपोरी होती. मजुरीचा खर्च डोक्यावर होता. दोन दिवस आधी बायका लावून सगळी ओळ मोकळी केली, कळ्यासुद्धा ठेवल्या नाहीत. घरच्या तोरणाला दहा फुलं उरली तेवढीच.

पतंग काही दसरा बघून गेले नाहीत. त्यांना रात्री कळी मिळेना, ते सोळा ओळींत पसरले. पुढच्या तोड्याला बाया वेचत होत्या आणि एकेक फळ उलटं करून दाखवत होत्या: देठाजवळ गोल भोक, भोकाच्या तोंडाशी ओली हिरवट विष्ठा. त्या दिवशी बांधावर टोमॅटोचा लाल ढीग पडला, तो मी अजून विसरलेले नाही. झेंडूचे आलेले पैसे पुढच्या दोन फवारण्यांत गेले, आणि त्या फवारण्या सगळ्या रानावर कराव्या लागल्या.

तेव्हापासून मी दोन झेंडू लावते. ओळीतला अळीचा, त्याला विकायला हात लावायचा नाही. बांधाकडेचा दसऱ्याचा, तो विकायचा. दादा, तुम्ही विचारलंत ना, त्याचं उत्तर हे.

सोबतीचं पीक म्हणजे जोडउत्पन्न, असं आपल्या डोक्यात बसलंय. कपाशीचंच बघा. बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या बीटी कपाशीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचं बिगर-बीटीचं पाकीट यायचं, कडेनं लावायला. त्या झाडांवर अळीनं साधी राहून वाढावं, म्हणजे बीटी पचवणारी अळी आणि साधी अळी यांचा संकर होत राहील आणि बीटीचा गुण टिकेल. किती जणांनी लावलं? मी बांधावर फेकलेली पाकिटं स्वतः उचलली आहेत. गुलाबी बोंडअळी तर कपाशीवाचून फारशा कशावर जगत नाही, तिला त्या पाकिटाशिवाय दुसरा आसराच नव्हता. 2017 साली विदर्भातल्या कपाशीचं तिनं काय केलं ते इथे सांगायला नको. आता बी मिसळूनच येतं, कारण पाकीट आपण लावत नव्हतो.

पुढच्या रांगेतून चिठ्ठी आलीय, "भांगेच्या शेतीतही असं करतात का?" नेमकं असंच करतात का, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही. उत्तराखंडात 2018 पासून परवान्यानं औद्योगिक भांग लावायला परवानगी आहे. आपल्याकडे मात्र 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली लागवड गुन्हा आहे, तेव्हा कुणी प्रयोग करू नका. पण तत्त्व तेच. आपल्या घाटेअळीची सख्खी बहीण, हेलिकोवर्पा झिया, अमेरिकेत त्याच भांगेच्या फुलोऱ्यात शिरते. तिथेही कळी कधी येते आणि शेजारी त्या वेळी काय फुललंय, हेच बघावं लागतं.

दहाच मिनिटं राहिली म्हणतायत. बरं, टारफुला.

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी इसिपी या कीटक संशोधन संस्थेत झेयाउर खान आणि ब्रिटनच्या रोथॅमस्टेडचे जॉन पिकेट यांनी 1990 च्या दशकात मक्यासाठी ही ओढ-ढकल पद्धत बसवली. शेताच्या कडेनं हत्ती गवत, ते खोडकिड्याच्या पतंगाला बाहेर ओढतं. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय पीक, ते आतून ढकलतं. कसं ढकलतं यावर अलीकडे शास्त्रज्ञांत वाद आहे, वासानं की पानांवरच्या आकडेदार लवेत अळ्या अडकून. दोन्ही जनावरांचा चारा, म्हणून लहान शेतकऱ्यांनी ते उचललं. त्या खोडकिड्यांतला एक, कायलो पार्टेलस, आपल्या ज्वारीतलाच. तो आशियातून आफ्रिकेत गेलेला पाहुणा.

डेस्मोडियमचा मोठा फायदा मात्र टारफुल्यावर दिसला. टारफुल्याचं बी धुळीएवढं, जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहतं. ज्वारीच्या मुळातून सुटणारा रस मिळाला की उगवतं आणि त्याच मुळाला चिकटतं. डेस्मोडियमच्या मुळाजवळ ते उगवतं खरं, पण चिकटू शकत नाही, मरतं. दशमुळातली आपली सालवण याच कुळातली. पण ती टारफुल्यावर चालते असं मी म्हणत नाही.

ही पद्धत जशीच्या तशी इथे आणा, असंही म्हणत नाही. डेस्मोडियम बारमाही आहे. आपली रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते, ती ओल हे पीक पिऊन टाकेल. पण कापूस, भुईमूग, चवळी यांची मुळंही टारफुल्याला फसवून उगवायला लावतात आणि त्याला चिकटू देत नाहीत. ज्वारीत कडधान्याच्या ओळी टाकायच्या, पुढच्या वर्षी त्या रानात ज्वारी न घेता कपाशी किंवा भुईमूग घ्यायचा, हे आपल्या आजोबांचं फेरपालटाचं गणित होतं. सलग ज्वारी, सलग ऊस सुरू झाला आणि ते मोडलं. एक वर्ष पुरत नाही, बी फार असतं. दोन-तीन वर्षं धरून चला आणि शेणखत भरपूर घाला. हलक्या, उपाशी रानात टारफुला जास्त माजतो.

ज्यांच्या ज्वारीत टारफुला आहे त्यांनी जाताना मला गाठा, जमीन कशी आहे ते सांगा. तोवर एक करा: पांढरं फूल दिसायच्या आत उपटा, आणि उपटलेलं बांधावर न टाकता जाळा.