पाटणादेवीची टोळी आणि फायूमची वाळू

(दृश्य: पाटणादेवी, चाळीसगाव तालुका. सकाळ. झाडावर वानरांची टोळी.)

देवीच्या दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला ही टोळी ओळखीची आहे. काळं तोंड, लांब शेपूट, पोटाला बिलगलेलं पिल्लू. जवळच पाटणे गाव. तिथल्या उत्खननात १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याचं कोरलेलं कवच मिळालं, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. आज खान्देशात शहामृग नाही. वानर आहे.

कोण गेलं, कोण राहिलं, याचा माग जीवाश्मांचे अभ्यासक एल्विन सायमन्स यांनी आयुष्यभर काढला.

अमेरिकेत १९३० मध्ये जन्मलेले सायमन्स १९६१ पासून इजिप्तच्या फायूम वाळवंटात जाऊ लागले. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं नद्या होत्या, जंगल होतं. जमिनीवरचा खड्यांचा थर झाडून काढायचा आणि परत यायचं, ही त्यांची रीत. वर्षभर वारा खालची मोकळी वाळू उडवून नेई. पुढच्या हंगामात हाडं उघडी पडलेली असत. अशा चिकाटीनं सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा 'इजिप्टोपिथेकस' जगाला कळला. मोठ्या बोक्याएवढा प्राणी. ही समोरची टोळी आणि तिला बघणारे आपण, दोघांचीही मुळं त्याच्याच गोतात जातात.

एक अंदाज चुकलाही, आणि तोही आपल्या शिवालिकातल्या हाडांवरून. जबड्याच्या तुकड्यांवरून 'रामापिथेकस' हा माणसाचा पूर्वज असावा, असं त्यांनी मांडलं. पुढं जास्त अवशेष मिळाले, आणि तो ओरांगउटानच्या नात्यातला निघाला. दोन-चार दातांवर वंशावळ उभी करणं किती अवघड, हे यावरून कळतं.

१९७७ मध्ये ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लेमूर केंद्राचे संचालक झाले. लेमूर म्हणजे मादागास्कर बेटावरचे, वानरांच्या दूरच्या नात्यातले प्राणी. मादागास्करच्या गुहांत त्यांनी नामशेष लेमूरांची हाडं शोधली. त्या बेटावर एकेकाळी गोरिलाएवढे लेमूर होते. माणूस तिथं पोचल्यानंतर ते संपले. कोट्यवधी वर्षांपूर्वीची नव्हे, कालपरवाची ही हाडं.

त्याच बेटावरच्या एका जिवंत लेमूरचं शास्त्रीय वर्णन सायमन्स यांनीच १९८८ मध्ये केलं. पांढरं अंग, डोक्यावर सोनेरी केस. उत्तर मादागास्करच्या जंगलाच्या तुकड्यांत तो अजून आहे, फार थोडा. सायमन्स २०१६ मध्ये गेले.

(दृश्य: टोळी पाण्यावर उतरते. पिल्लाची मूठ आईच्या केसांत घट्ट.)