भाड्याच्या स्वयंपाकघरात जाळीचं कपाट

(दृश्य: रत्नागिरीतल्या एका इमारतीचा दुसरा मजला. पांढऱ्या टाइल्स, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, राखाडी सनमायकाच्या ट्रॉल्या. ओट्यासमोर रिकामी भिंत.)

निवेदन:

भाड्याचं स्वयंपाकघर रत्नागिरीत असो नाहीतर कणकवलीत, दिसतं एकाच साच्यातलं. टाइल्स बदलता येत नाहीत, ट्रॉल्यांना हात लावायचा नाही, आणि भिंतीला खिळा मारायचा तर आधी घरमालकांना विचारायचं. आपल्या हातात राहते ती ओट्यासमोरची 3-4 फुटांची भिंत. तिथं हौसेनं शोभेची पितळी वस्तू मांडली, की फोडणीचा तेलकट थर आधी तिच्यावर बसतो. त्यापेक्षा रोज उघडझाप होईल असं काहीतरी हवं. जुनं जाळीचं कपाट त्या जागेला चपखल बसतं.

फ्रिज घरोघरी यायच्या आधी दूध, विरजण, उरलेला भात यातच असायचा. जाळीतून वारा खेळायचा, मांजर आणि माशा बाहेर राहायच्या. मुंग्यांसाठी चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.

(दृश्य: पडवीत आडवं टाकलेलं कपाट. पायांची टोकं जवळून.)

जुनं घर उतरवलं जातं तेव्हा वासे, खांब, दारं हातोहात जातात. कपाट मात्र बरेचदा मागे राहतं, कारण जाळी गंजलेली असते आणि एखादा पाय कुजलेला. घेताना म्हणून दर्शनी बाजू शेवटी बघा. आधी कपाट आडवं करून पायांच्या टोकांत स्क्रू-ड्रायव्हर दाबा. अर्धा इंच सहज आत गेला, तर कुजलेला भाग कापून सुताराकडून नवा तुकडा जोडून घ्यावा लागेल. हे काम मोठं नाही, पण भावात धरा.

मग कीड. लाकडावर 1-2 मिलिमीटरची गोल भोकं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती जुनीही असतील. खाली काळा कागद पसरा आणि आठवडाभर थांबा. मैद्यासारखी बारीक भुकटी पडली तर किडा आत जिवंत आहे. सागवान किंवा फणसाचा गाभा सहसा टिकतो. कीड आधी लागते ती सालीजवळच्या पांढरट लाकडाला आणि आंब्याच्या फळ्यांना. उपाय स्वस्त आहे: 900 मिलिलिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, रंग काढलेल्या कोरड्या लाकडावर ब्रशनं दोन-तीन हात. हातमोजे घाला. हे द्रावण पाण्यानं धुऊन जातं, म्हणून वर पॉलिश हवंच.

रंग काढताना मात्र घाई नको. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या हिरव्या-निळ्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चाला. सुका पॉलिश पेपर नाही, हीट गन तर नाहीच. वॉटर पेपर भिजवून घासायचा, मास्क लावायचा, आणि हे काम स्वयंपाकघरात नाही, बाहेर, मुलांपासून लांब करायचं.

(दृश्य: पटाशीनं पट्टी सोडवणारे हात. गंजलेली जाळी हातात चुरते.)

खरी कसोटी जाळीची. खारा वारा लोखंडी जाळी टिकू देत नाही. स्टेनलेस घ्यायची तर 304 ग्रेडच्या जाळीवर किनाऱ्याजवळ तांबूस डाग येतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ती खारट हवेला जास्त दाद देत नाही. छिद्र साधारण सव्वा मिलिमीटरचं. माशी अडते, पण बारीक चिलटांची खात्री नाही, त्यामुळे पिकली केळी आत नकोत.

पातळ पटाशीनं कडेच्या पट्ट्या हळूच उचला आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं नंबर टाका. चारही पट्ट्या सारख्या दिसतात, पण एकमेकींच्या जागी बसत नाहीत. जाळी चारी बाजूंनी इंचभर जास्त कापा. पहिली चूक, म्हणजे बारीक खिळा, वरच्या पट्टीच्या मध्यावर ठोका, दुसरी ताण देऊन खालच्या मध्यावर, मग डावी-उजवी, आणि तिथून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मधे फुगा राहतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही. चुका पितळी किंवा स्टेनलेस घ्या. जाळी महागाची आणि चुका लोखंडाच्या, हा प्रकार सर्रास दिसतो. मग दोन पावसाळ्यांत चुका गंजतात, त्यांच्याभोवती लाकूड काळं पडतं आणि चांगली जाळी कडेनं सुटते.

पॉलिश आतून चपड्याचं, म्हणजे लाखेचं. एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून, पातळ तीन हात. जवसाचं तेल आत लावू नका. बंद जागेत त्याचा वास महिनोन् महिने राहतो, आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. चपड्याचं काम दिवाळीनंतर काढा. दमट हवेत तो पांढुरका पडतो.

(दृश्य: कपाट जागेवर. फरशीवर लेव्हल बॉटल.)

जागा निवडताना गॅसपासून किमान 2 फूट लांब, सिंकच्या उडणाऱ्या पाण्यापासून दूर. नैऋत्येचा पाऊस ज्या खिडकीतून आत येतो, तिच्याजवळ तर नकोच.

फरशीला बहुतेकदा पाणी जाण्यासाठी थोडा उतार असतो. एक पाय अधांतरी राहिला की चौकट तिरकी होते आणि दार घासायला लागतं. म्हणून आधी पाचर, मग लेव्हल, आणि रंधा सगळ्यात शेवटी. आणि तोही जुलैत नाही! ओल्या हवेत फळी आडव्या अंगानं फुगते, फूटभर रुंद सागवानी फळी 2-3 मिलिमीटरसुद्धा. पावसात तासलेल्या दाराला जानेवारीत फट पडते.

आता वाट्या. पाय थेट पाण्यात ठेवला तर लाकूड टोकाकडून पाणी ओढतं. स्टीलच्या वाटीत मधोमध ग्रॅनाइटचा जाड तुकडा, त्यावर पाय, आणि पाणी पायापासून किमान 1 सेंटिमीटर खाली. टोकांना आधीच पातळ इपॉक्सी पाजून घ्या. पाणी दर आठवड्याला ओतून, वाट्या घासून पुन्हा भरायच्या. डेंग्यूचा डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवसच घेतो, आणि अशी शांत, स्वच्छ वाटी त्याला फार आवडते. घर बंद करून गावाला जाताना वाट्या कोरड्या करा.

कपाट भिंतीपासून 2 इंच पुढे. मागे वारा राहतो, बुरशी धरत नाही, आणि मुंग्यांना भिंतीवरून पूल मिळत नाही. पण 5 फुटी कपाट नुसतं उभं ठेवणंही बरं नाही, विशेषतः लहान मूल असलेल्या घरात. वरच्या चौकटीला दोन पट्ट्या लावून भिंतीला बांधा. भोकं घरमालकांना विचारूनच, आणि टाइलमध्ये नाही, दोन टाइलच्या सांध्यात, 6 मिलिमीटरची. सांधा अरुंद असेल तर टाइल्स संपतात त्याच्या वर, प्लास्टरमध्ये. याच पट्ट्यांवरून मुंग्या उतरतात, तेव्हा तिथं पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायचं आणि धूळ बसली की पुसून नवं लावायचं.

आत काय? खालच्या फळीवर जड चिनी बरण्या आणि नारळ. मधे कांदे-लसूण, बटाटे वेगळ्या टोपलीत, कांद्यापासून दूर. वर तांब्या-पितळेची भांडी. पापड, मीठ, आमसुलं, कुळथाचं पीठ पावसाळ्यात यात ठेवलं तर चार दिवसांत सादळतं, ते घट्ट झाकणाच्या डब्यातच. आणि शिजवलेलं अन्न आता फ्रिजमध्ये. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, जाळीत असलं तरी.

(दृश्य: टाइलचा सांधा. पांढऱ्या सिमेंटचा बोटभर गोळा.)

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. सामानाच्या यादीत कपाट आपलं असल्याची एक ओळ घाला, भिंतीचे आधीचे फोटो ठेवा. घर सोडताना प्लग उपटून भोकं पांढऱ्या सिमेंटनं भरा. सांधा रंगीत असेल तर त्याच रंगाचं ग्राउट आणा. नुसतं पांढरं भरलं तर दोन ठिपके लांबून दिसतात, आणि अनामत रकमेतून पैसे कापायला तेवढं कारण पुरतं.