मिरवणुकीचा पोशाख वेगळा, सरावाचा वेगळा

श्रोतेहो, नमस्कार. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी-काठी आणि दांडपट्टा पाहिला की नाशिकमधली कितीतरी मुलं-मुली मर्दानी खेळाच्या वर्गात नाव घालतात. मग पालक मेनरोडला जाऊन भरजरी अंगरखा, फेटा, चकचकीत तलवार घेऊन येतात. माझी विनंती आहे, यातलं काहीही पहिल्या दिवशी घेऊ नका.

आधी कपडे. सुरवार सुती हवी, आसनाला ऐसपैस. दुकानातच ती घालून एक पाय लांब टाका आणि खोल पवित्र्यात बसा. शिवण ताणली तर ती सुरवार आठवड्यात उसवणार. पायघोळ नको, घोट्याच्या वर दोन बोटं राहू द्या. सदरा मांडीच्या मध्यापर्यंत पुरे, कारण गुडघ्यापर्यंत आला की काठी फिरवताना टोक त्याच्या घेरात अडकतं. कमरेला अडीच-तीन मीटरचा सुती शेला घट्ट गुंडाळा. गाठ पोटावर नको, वाकताना रुतते. ती कमरेच्या बाजूला घ्या आणि दोन्ही टोकं आत खोचा. लोंबतं टोक काठीत गुंततं.

मातीचा आखाडा असेल तर अनवाणी. फरशी किंवा काँक्रीट असेल तर पातळ, सपाट तळव्याचे बूट. पळण्याच्या बुटांची टाच जाड असते, गिरकी घेताना पाय मुरगळतो. नुसते मोजे घालून फरशीवर तर कधीच नको. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, गळ्यातली साखळी घरी ठेवा. चष्म्याला मागून पट्टी लावा, लांब केसांचा अंबाडा घाला.

आता काठी. भरीव बांबूची घ्या, उभी धरल्यावर कानाच्या पाळीपर्यंत येईल अशी. जाडी साधारण एक इंच. मुठीत धरल्यावर अंगठा तर्जनीच्या पेरावर टेकला पाहिजे. बुरुडाकडे काठी जमिनीवर लोळवून पाहा, वाकडी असेल तर ती उड्या मारत जाते. मग फरशीवर हलकेच आपटा. आवाज खणखणीत आला तर ठीक, फुटका आला तर आत चीर आहे. घरी आणल्यावर गाठींवरून पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर तळव्याला पहिल्याच दिवशी फोड येतात. नाशिकचा उन्हाळा कोरडा, बांबू तडकतो. म्हणून होळीच्या आसपास जवसाचं तेल चोळा आणि काठी आडवी ठेवा, भिंतीला टेकवून नव्हे. एकदा चीर गेली की ती काठी बाद. चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, कुसळ थेट जोडीदाराच्या डोळ्याकडे उडतं.

फरी-गदक्यात, म्हणजे छोटी ढाल आणि काठीच्या खेळात, समोरासमोर वार होतात. तिथे जाळी असलेलं शिरस्त्राण आणि बोटांवर गादी असलेले हातमोजे हवेतच. सगळ्यात जास्त मार अंगठ्याला बसतो.

दांडपट्टा २०२४ साली राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून विचारणा वाढली आहे. पण त्याचं माप बहुतेक जण चुकवतात. हात खोबळ्यात, म्हणजे पात्याला जोडलेल्या पोकळ हातकवचात, घालून आतला आडवा दांडा मुठीत धरा आणि कोपर पूर्ण वाकवा. खोबळ्याची कड कोपराच्या आतल्या बाजूला टोचली तर तो लांब आहे. कड मनगटाच्या जरा वरच संपली तर आखूड; वजन पेलत नाही आणि प्रत्येक फेकीला ती कड हाडावर आपटते. आत हात सैल खेळत असेल तर मऊ सुती कापडाचं अस्तर लावा. पट्ट्यात मनगट वळत नाही, फेक खांद्यातून येते. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाहीतर कातडी सोलवटते. दर वेळी खोबळा कानाजवळ नेऊन हलवा. पातं जोडलेल्या ठिकाणी खडखड झाली तर रिबिट ढिलं आहे, पट्टा लोहाराकडे द्या.

धारदार पातं सरावाला लागतच नाही. बोथट शस्त्रही रस्त्यावरून उघडं नेऊ नका. कापडी पिशवीत घालून, तोंड बांधून न्या.

पट्टा विकत घेण्याआधी निदान सहा महिने वर्गातला वापरा. वस्ताद तुमचा हात बघून माप सांगतील. तोवर स्वतःची म्हणून एक काठी आणि एक शेला पुरे.