काठी कुणाची?

मंडळी, बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायातलं पाचवं वचन ज्या हिब्रू शब्दानं सुरू होतं, त्याचा उच्चार आहे 'होय'. मराठी कानाला हा होकार वाटेल, पण प्रेतापुढे काढतात तो हा हाय-हायचा सूर आहे. अश्शूर तेव्हा जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता. तिच्यासाठी संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा यशया, आधीच रडून घेतो, आणि त्याच दमात परमेश्वराच्या तोंडी घालतो, 'अश्शूर, माझ्या रागाची काठी!' मूळ शब्द 'शेवेत'. त्याचा अर्थ काठी आणि राजदंडही. ज्याच्या हाती राजदंड, तोच इथे दुसऱ्याच्या हातातली काठी झाला आहे.

बहुतेक वाचक सहाव्या वचनाशी थांबतात आणि म्हणतात, देवानंच पाठवलं, मग अश्शूरचा दोष काय? उत्तर सातव्यात आहे: त्याच्या मनात तसं नाहीच, त्याला राष्ट्रांमागून राष्ट्रं संपवायची आहेत. नवव्या वचनात तो स्वतःची यादी वाचतो: कल्नो, कर्कमीश, हमाथ, अर्पाद, शोमरोन (समारिया), दिमिष्क (दमास्कस). ही यादी कालक्रमानं नाही. अर्पाद इ.स.पू. 740 मध्ये पडलं, दिमिष्क 732 मध्ये, शोमरोन 722च्या सुमारास, तर कर्कमीश थेट 717 मध्ये. नावं जोडीजोडीनं येतात आणि उत्तर सीरियातून दक्षिणेकडे सरकतात. पुढचा मुक्काम यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम, हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. कर्कमीशमुळे आणखी एक कळतं: निदान ही यादी 717 नंतरची आहे.

इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब आलाच. त्याच्या शिलालेखात 46 तटबंद नगरं घेतल्याचा हिशेब आहे, आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला 'पिंजऱ्यातल्या पाखरासारखं' कोंडल्याची बढाई. यशयाचा अश्शूर म्हणतो, घरट्यातली टाकलेली अंडी गोळा करावीत तशी मी पृथ्वी गोळा केली, कुणी पंखही फडफडवला नाही. दोन्हीकडे पाखरूच! खंडणीच्या सोन्याचा आकडा जुळतो, 30 किक्कार (वजनाचं जुनं माप). चांदी मात्र बायबलमधल्या राजांच्या ग्रंथात 300, शिलालेखात 800. आणि यरुशलेम घेतल्याचा दावा शिलालेखातही नाही.

खरी मेख यरुशलेमच्या तटाखाली आहे. अश्शूरी सरदार रब्शाके यहूदी बोलीत ओरडतो, म्हणजे तटावरच्या साध्या शिपायालाही कळावं. अरामी या दरबारी भाषेत बोला, ही हिज्कीयाच्या दरबाऱ्यांची विनंती तो धुडकावतो. आणि म्हणतो काय? 'परमेश्वरानंच मला या देशावर चढून जायला सांगितलं.' हे तर यशयाचंच म्हणणं, शत्रूच्या तोंडून! म्हणून 'देवानं पाठवलं' एवढ्यावर काहीच ठरत नाही. आजही एखाद्या सेनेला देवाची काठी ठरवून टाकणारे प्रवचनकार नेमके इथे घसरतात. ते रब्शाकेच्या रांगेत जाऊन उभे राहतात. यशयाची कसोटी पंधराव्या वचनात आहे: कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे बढाई मारील काय? करवत ओढणाऱ्यापुढे मिजास दाखवील काय?

बाराव्या वचनातला क्रमही पाहा. सियोनेवरचं, म्हणजे यरुशलेमवरचं, काम आधी पुरं होणार, मग अश्शूरच्या राजाच्या ताठ्याचा हिशेब. म्हणजे काठीचा मार यहूदाला चुकत नाही. यहूदाचं लाखीश नगर पडलंच, त्या वेढ्याची शिल्पं सन्हेरीबानं आपली राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात कोरून घेतली. इ.स.पू. 681 मध्ये तो पोटच्या मुलाच्या कटात मारला गेला. 612 मध्ये बाबेल (बॅबिलोन) आणि मेदी यांनी निनवे पाडलं. पुढे यिर्मया हा दुसरा संदेष्टा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला परमेश्वराचा 'सेवक' म्हणतो, आणि आपल्या ग्रंथाच्या पन्नासाव्या अध्यायात त्याच बाबेलला 'सर्व पृथ्वीचा हातोडा' म्हणून तो मोडल्याची बातमी देतो.