कासवाला चुना नको, ऊन द्या

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय घरातल्या कासवाच्या कॅल्शियमबद्दल, म्हणजे ते डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं परदेशी कासव, रेड इअर्ड स्लायडर, कारण आपल्याकडची तारा कासवं घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे.

आमच्या कासवाची पाठ मऊ पडली होती, बोटानं दाबली की दबायची. हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली काचेची टाकी आणि रोज नुसती सुकी कोळंबी, यावरच चाललं होतं. शेजारच्या मावशी मायेनं म्हणाल्या, पोरांना दह्यातनं चुना देतो तसा याला पण दे की. मंडळी, अजिबात नको! चुन्यानं त्याचं तोंड, डोळे भाजतात. आपली कॅल्शियमची गोळीपण नको, तिच्यात बऱ्याचदा डी-थ्री, म्हणजे कॅल्शियम अंगी लावणारं जीवनसत्त्व असतं, तेही माणसाच्या मापाचं, आणि हा जीव केवढासा. जादा डी-थ्री लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं आणि मग कॅल्शियम मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं.

मग द्यायचं काय, तर समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री जीवाच्या अंगातलं पांढरं, हलकं हाड. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, अख्खा तुकडा मागा, पूड नको. मागची कडक बाजू सुरीनं काढायची, धुवायचा आणि टाकीत तरंगत सोडायचा, कासव हवं तेव्हा हवं तेवढं कुरतडतं, म्हणून मला हाच सगळ्यात सेफ वाटतो. आठवडाभर ढुंकून बघितलं नाही तरी घाबरू नका. कॅल्शियमची पावडर द्यायचीच तर कासवांसाठीची, डी-थ्री नसलेली, चिमूटभर, आठवड्यातनं दोनदा, ओल्या खाण्याला चोळून, नुसती भुरभुरली तर पाण्यात धुऊन जाते.

पण हे सगळं अंगी लागायला ऊन पाहिजे हो! उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्याच्या कातडीत डी-थ्री बनतं, आणि खिडकीच्या काचेतनं ती किरणं जवळजवळ येतच नाहीत. आपल्या सोलापुरात उन्हाला काय तोटा? सकाळी आठच्या सुमारास गच्चीवर टब, थोडं पाणी, अर्ध्या भागावर फळी टाकून सावली, वीस मिनिटं, आणि आपण शेजारीच बसायचं, घारी-कावळे टपलेले असतात. मे महिन्यात दुपारी मात्र चुकूनसुद्धा नको, टबातलं पाणी तापून कासव दगावतं.

पाठ मऊ लागली किंवा पाय ओढत चालायला लागलं तर घरी प्रयोग करत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या, एक्स-रे काढून तेच डोस ठरवतील. आमच्या कासवाची पाठ टणक व्हायला काही महिने गेले, पण झाली.